टोल, गर्दी आणि हिशेब

मंडळी, 'टोल' हा शब्द घरात काढू नये असं माझं आता ठाम मत झालंय. १४ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रिमंडळाने मुंबईत शिरण्याच्या पाचही नाक्यांवर मोटारींना टोलमाफी जाहीर केली आणि त्याच रात्री बारापासून ती लागू झाली. वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवाळी आधीच आली! मी आपलं सहज लिहिलं की काही शहरांत लोकांनी स्वतः मत देऊन असे पैसे भरायचं कबूल केलंय. झालं. ठाण्याच्या काकांचं उत्तर तयार होतं : "अगं, इतकी वर्षं भरून भरून कंबर मोडली आमची, आणि तू आणखी भरा म्हणतेस?"

मी म्हटलं, "काका, तो टोल नव्हे, तो गर्दीचा आकार."

"खिशातून जातात ना पैसे? मग तो टोलच."

काकांचं म्हणणं वाटतं तितकं उडवून लावण्यासारखं नाही. ग्रुपवर इतकं लांब कोण वाचणार, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी जुना टोल घेऊ. त्याचं तत्त्व सरळ आहे : कुणीतरी पैसे घालून रस्ता किंवा पूल बांधला, आता वापरणाऱ्याने ते फेडायचे. मुंबईला हे नवीन नाही. गव्हर्नर डंकनच्या काळात शीवचा बांध झाला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, तेव्हा त्यावरून जाणाऱ्याकडून टोल घेत. पुढे माहीमची खाडी ओलांडायची वेळ आली. तिथे लोक होडीने जात आणि पावसाळ्यात होड्या उलटत. बांधायला सरकार पैसे देईना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. मात्र एका अटीवर : या रस्त्यावर कधीही टोल घ्यायचा नाही. १८४५ च्या सुमारास हा माहीमचा कॉजवे सुरू झाला आणि त्याच्या या बाईंनी घातलेल्या अटीला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. गंमत बघा, त्याच उपसागरावर २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला आणि त्यावर टोल आहे.

इंग्लंडात तर टोलचं केवढं प्रस्थ होतं! अठराव्या शतकात तिथे गावोगावी विश्वस्त मंडळं स्थापून रस्ते दुरुस्त केले गेले आणि दर काही मैलांवर फाटक लावून पैसे घेतले गेले. रस्ते खरोखर सुधारले, हे कबूल करायला हवं. पण वेल्समधल्या गरीब शेतकऱ्याला बाजारात जाताना आणि शेतात टाकायला चुना आणताना तीन-तीन फाटकं लागायला लागली. १८३९ ते १८४३ या काळात तिथले पुरुष रात्री बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून निघत आणि फाटकं फोडून टाकत. बायबलमधल्या रिबेकाच्या नावावरून त्याला 'रिबेकाचे दंगे' म्हणतात.

हे वाचताना मला कोल्हापूर आठवल्याशिवाय राहत नाही. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटरचे रस्ते खाजगी कंपनीकडून करून घ्यायचे आणि बदल्यात तिने शहराच्या तोंडांवर नाके बसवून तीस वर्षं टोल घ्यायचा, असा तो करार. लोक विचारू लागले, कामं अर्धवट आहेत तर पैसे कशाचे? एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसं रस्त्यावर उतरली. जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सरकारला तो टोल रद्द झाल्याचं जाहीर करावं लागलं. बायकांचे कपडे सोडले तर वेल्स आणि कोल्हापूर यांत फरक तो काय?

मुंबईचंही तेच. ५५ उड्डाणपुलांचे पैसे फेडायला नाके बसले. पूल बांधून झाले, त्यावरून एक पिढी मोठी झाली, तरी पावती फाटतच राहिली. किती जमले, किती राहिले, हे साध्या माणसाला कुणी नीट सांगितलं नाही. त्यामुळे आपल्याकडे 'टोल' म्हटलं की रस्ता डोळ्यांसमोर येत नाही, न मिळालेला हिशेब येतो.

आता दुसरे पैसे. गर्दीचे.

याची कल्पना अशी. समजा सकाळी नऊला एका पुलावर गाड्या कशाबशा सरकताहेत आणि तुम्ही त्यात आपली गाडी घातलीत. तुम्हाला किती उशीर होतो ते तुम्हाला कळतं. पण तुमच्या येण्याने मागच्या प्रत्येकाला तीन सेकंद उशीर झाला, हे तुमच्या गावीही नसतं. मागे हजार गाड्या असतील तर झाली की तीन हजार सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटं. ती तुम्ही लोकांची खाल्लीत आणि कुणी तुमच्याकडे मागितली नाहीत. तुमच्याइतकाच दोष पुढच्याचा आणि त्याच्या पुढच्याचा. आपण सगळेच एकमेकांचा वेळ फुकट खात बसलेलो असतो. पिगू नावाच्या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दोन रस्त्यांचं उदाहरण घेऊन हे मांडलं होतं.

पण हा विचार ज्याने आयुष्यभर डोक्यावर घेतला तो माणूस म्हणजे विल्यम विक्री, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक. १९५९ मध्ये त्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं की वॉशिंग्टनमध्ये गाड्यांना इलेक्ट्रॉनिक खूण लावा, कुठली गाडी किती वाजता कुठल्या रस्त्याने गेली ते टिपा आणि महिनाअखेर फोनसारखं बिल पाठवा. गर्दीच्या वेळी जास्त, रात्री नाममात्र. १९५९ साली! लोकांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. ८ ऑक्टोबर १९९६ ला त्याला नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी तो गेला. त्याच्या स्वतःच्या शहरात तेव्हा यातलं काहीही झालं नव्हतं.

इथे मुख्य फरक लक्षात घ्या. जुन्या टोलला गाड्या हव्या असतात. जितक्या जास्त गाड्या तितकी वसुली चांगली. गर्दीच्या आकाराला गाड्या नको असतात. तो वसूल होईनासा झाला तर तो यशस्वी. निदान कागदावर तरी.

कागदावरून रस्त्यावर ही गोष्ट पहिल्यांदा आणली सिंगापूरने, २ जून १९७५ ला. ना कॅमेरा, ना संगणक. शहराच्या मधल्या भागात शिरणाऱ्या रस्त्यांवर कमानी लावल्या, सकाळी साडेसात ते साडेनऊ आत यायचं तर तीन डॉलरचा कागदी परवाना काचेवर लावायचा. कमानीशी पहारेकरी उभे, ते नुसत्या नजरेने परवाना बघत आणि नसेल तर नंबर टिपून घेत. गाडी थांबवायची नाही, म्हणजे रांग नाही. चार माणसं बसलेली गाडी फुकट. त्या वेळातली वाहतूक जवळजवळ निम्म्यावर आली. पण लोकही वस्ताद, ते साडेनऊ वाजून गेल्यावर एकदम घुसू लागले, मग काही आठवड्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. शहराबाहेर गाडी ठेवून बसने या, अशी सोयही सरकारने केली होती. ती फारशी चालली नाही. लोकांनी सरळ नेहमीची बस धरली किंवा शेजाऱ्याला गाडीत घेतलं.

१९९८ मध्ये तिथे सगळं इलेक्ट्रॉनिक झालं आणि दर अर्ध्या तासाला बदलू लागला. रस्त्यावर गाड्या किती वेगाने जाताहेत ते मोजून दर ठरवायचा, मोठ्या रस्त्यांवर ताशी २० ते ३० किलोमीटर आणि द्रुतगती मार्गांवर ४५ ते ६५ एवढा वेग राहिला पाहिजे, हे माप. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने रस्ते ओस पडले तेव्हा सिंगापूरने हा आकार शून्य केला. गर्दी नाही तर पैसे कशाचे? पुन्हा गर्दी दिसू लागली तसा तो टप्प्याटप्प्याने परत आला. त्यामागचं तत्त्व खरंच पाळलं जातंय याचा याहून चांगला पुरावा मला सापडला नाही.

पण सिंगापूरबद्दल सगळे एकच म्हणतात : तिथलं सरकार म्हणेल ती पूर्व दिशा. जिथे लोक निवडणुकीत सरकार पाडू शकतात तिथे हे जमेल का?

लंडनने हे धाडस केलं १७ फेब्रुवारी २००३ ला. महापौर केन लिव्हिंगस्टन, ज्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही आणि जे भुयारी रेल्वेने ऑफिसला जात. पाच पौंड भरा आणि दिवसभर मधल्या भागात फिरा. सगळी वर्तमानपत्रं पहिल्या दिवशी हाहाकार उडणार म्हणून टपून बसली होती. महापौरांनी मुद्दाम शाळांच्या सुट्टीचा आठवडा निवडला होता. दिवस इतका शांत गेला की बातमी काय द्यावी हा प्रश्न. पहिल्या वर्षात आत येणारी चारचाकी वाहनं सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाली. रस्त्यांवर आधीच जादा बस आणून ठेवल्या होत्या आणि खर्च जाऊन उरलेले पैसे वाहतुकीवरच खर्च करायचे हे कायद्यातच लिहिलं होतं. २००४ मध्ये लिव्हिंगस्टन पुन्हा निवडून आले.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. काही वर्षांत लंडनच्या गाड्या पुन्हा पूर्वीइतक्याच रखडू लागल्या. पाण्याचे नळ बदलायला रस्ते खणले होते, काही जागा बस आणि पादचाऱ्यांना दिली होती, पुढे भाड्याच्या मोटारींचा सुळसुळाट झाला आणि त्यांना २०१९ पर्यंत आकार माफ होता. एकदा भरले की दिवसभर कितीही फिरा, ही त्या पद्धतीची खोटच होती. आणि दर? पाचाचे आठ, आठाचे दहा करत २०२० मध्ये पंधरा पौंड झाले. काका म्हणतील, "बघ, मी काय सांगत होतो?"

लंडनची एक गंमत सांगायलाच हवी. अमेरिकेच्या वकिलातीने हे पैसे भरायला नकार दिला. का, तर परदेशी वकिलातीला कर लागू नाही, आणि हा करच आहे. लंडन म्हणतं, छे, हा सेवेचा मोबदला आहे. २०२४ मध्ये थकबाकीची यादी आली तिच्यात पहिली अमेरिका, दुसरा जपान आणि तिसरा... आपला भारत! साडेआठ दशलक्ष पौंडांच्या घरात. म्हणजे ठाण्याचे काका आणि आपला उच्चायोग यांचं या बाबतीत एकमत आहे :)

लंडनकडे बघून ब्रिटनमधल्या आणखी दोन शहरांनी लोकांना आधी विचारायचं ठरवलं. फेब्रुवारी २००५ मध्ये एडिंबराने मतदान घेतलं, सुमारे ७४ टक्के लोकांनी नको म्हटलं. डिसेंबर २००८ मध्ये मँचेस्टरने घेतलं, तिथे ७९ टक्क्यांच्या आसपास नको. विषय संपला. आणि का नाही म्हणणार? जाणार काय ते स्पष्ट दिसतंय, मिळणार काय ते फक्त पुढाऱ्याच्या भाषणात.

स्टॉकहोमने नेमकं उलट केलं, म्हणून मला तो सगळ्यात शिकण्यासारखा इतिहास वाटतो. सुरुवात तिथेही वाईटच झाली. महापौर आनिका बिलस्ट्रॉम यांनी २००२ च्या निवडणुकीआधी असा आकार लावणार नाही असं वचन दिलं होतं. निवडणुकीनंतर सरकारला ग्रीन पक्षाचा टेकू हवा होता, आणि त्याची किंमत म्हणून हे लावावं लागलं. लोक भडकले. मग तोडगा निघाला : सात महिने लावून बघू, मग बंद करू, मग तुम्ही मत द्या.

३ जानेवारी २००६ ते ३१ जुलै २००६. शहराभोवती अठरा ठिकाणी कॅमेरे, वेळेनुसार १०, १५ किंवा २० क्रोनर आणि दिवसाला जास्तीत जास्त ६०. जादा बस आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून धावत होत्या. हद्द ओलांडणारी वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाली. रस्त्यावर पाचातली एक गाडी कमी झाली की रांग पाचव्या हिश्श्याने कमी होत नाही, ती बरीचशी नाहीशीच होते. अगदी काठोकाठ भरलेल्या भांड्यातलं थोडं पाणी काढलं की सांडायचं थांबतं, तसं. लोकांना हे आकड्यांतून सांगावं लागलं नाही, खिडकीतून दिसलं. आणि ३१ जुलैला आकार बंद झाला तशा गाड्या परत आल्या. तेही दिसलं. १७ सप्टेंबरला मतदान झालं तेव्हा शहरातल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी हो म्हटलं. आसपासच्या बऱ्याच गावांनी नको म्हटलं, हेही सांगितलं पाहिजे. त्यांना भरावे लागणार होते आणि शांत रस्ते मिळणार होते शहराला.

बिलस्ट्रॉमबाई त्याच निवडणुकीत सत्तेवरून गेल्या. जे विरोधक निवडून आले त्यांनी मात्र १ ऑगस्ट २००७ पासून तो आकार कायमचा लावला! पुढच्या काही वर्षांत त्याला पाठिंबा देणारे वाढत वाढत दोन तृतीयांशांच्या आसपास गेले. आणि मोठी मौज म्हणजे, पुढे विचारल्यावर बऱ्याच लोकांना आपण गाडी चालवायची सवय बदलली हेच आठवेना. पाचातल्या एका गाडीचे मालक गेले कुठे? कुठेच नाही. कुणी एक दिवस बसने गेला, कुणी दोन कामं एका फेरीत केली, बस्स.

म्हणजे 'आधी अनुभव द्या, मग विचारा' हा झाला का रामबाण उपाय? नाही. स्वीडनमधल्याच योटेबोरी शहराने जानेवारी २०१३ मध्ये आकार लावला आणि पावणेदोन वर्षांनी लोकांना विचारलं, तर ५७ टक्के नको म्हणाले. तिथे मुळात स्टॉकहोमइतकी गर्दी नव्हती आणि पैसे जाणार होते एका रेल्वे बोगद्याला, जो अनेकांना नकोच होता. शिवाय मत नुसतं सल्ल्यापुरतं धरलं आणि आकार चालूच ठेवला. मग लोकांनी त्याला नुसती वसुली म्हटलं तर चुकलं कुठे?

राहता राहिलं विक्रीचं न्यूयॉर्क. २००८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने महापौर ब्लूमबर्ग यांची योजना मतालाही टाकली नाही. २०१९ मध्ये कायदा झाला, जून २०२४ मध्ये सुरू व्हायच्या काही आठवडे आधी गव्हर्नरबाईंनी थांबवली. शेवटी ५ जानेवारी २०२५ ला ती सुरू झाली, मोटारींना पंधराऐवजी नऊ डॉलर, आणि पैसे मुख्यतः भुयारी रेल्वेसाठी. विक्रीला जाऊन २८ वर्षं झाली होती.

या सगळ्यात एक प्रश्न मात्र राहतोच : ज्याच्याकडे पैसा आहे तो भरून आरामात जाईल, गरिबाने काय करायचं? माझं उत्तर असं की गरीब माणूस त्या रांगेत गाडी घेऊन नसतोच मुळी. लंडनमध्ये २००३ च्या आधीही सकाळी मधल्या भागात येणाऱ्या दहांतले आठाहून अधिक लोक रेल्वे-बसनेच येत. मुंबईत लोकल, बस आणि पायी चालणारे किती ते आपण रोज बघतो. मोटारींच्या गर्दीत बस अडकते तेव्हा पन्नास-साठ माणसांचा वेळ जातो आणि तो कुणी मोजत नाही. पण हे उत्तर तेव्हाच खरं, जेव्हा मोटारवाल्याकडून घेतलेला पैसा खरोखर बसपर्यंत पोचेल. एरवी ते नुसतं बोलायचं शहाणपण.

म्हणून मला वाटतं की 'खिशातून गेले म्हणजे टोलच' हे काकांचं वाक्य अज्ञानातून आलेलं नाही, अनुभवातून आलंय. गर्दीचा आकार आणि टोल यांतला फरक पैसे घेणाऱ्याच्या मनात असून भागत नाही, देणाऱ्याला दिसावा लागतो. त्याला तीन गोष्टी दिसाव्या लागतात : आपण भरल्यावर रस्ता मोकळा झाला, पैसे अमुक ठिकाणी गेले, आणि नाही पटलं तर आपल्याला नको म्हणता येईल. स्टॉकहोमला तिन्ही दिसल्या. योटेबोरीत तिसरी दिसली नाही. लंडनला पहिली दिसली आणि मग धूसर झाली. कोल्हापूरला एकही दिसली नाही.

उद्या आपल्या एखाद्या शहरात असं काही लावायचं कुणाच्या मनात आलं, तर त्याला कॅमेरे विकत मिळतील, तंत्रज्ञ मिळतील, फास्टॅग तर काचेवर चिकटलेलेच आहेत. मिळणार नाही तो विश्वास. तो आपण वीस-बावीस वर्षं पाच नाक्यांवर, पावती-पावतीने खर्च करून टाकलाय. तो परत जमवायचा तर आधी बस आणाव्या लागतील, मग सात महिन्यांसाठी पैसे घ्यावे लागतील, आणि मग दर महिन्याला चौकात फळा लावून लिहावं लागेल : इतके आले, इतके गेले, इतके उरले. असा फळा मी तरी अजून आपल्याकडे कुठल्याही नाक्यावर पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर जरूर कळवा.